बडदीनं घोटलेला मकरध्वज

आज बडदीची तिथी. देवघरातल्या गोपाळापुढं तिच्या नावानं दूधभात ठेवला, ब्राह्मण जेवून गेले, भांडी निघाली, आणि आता कुठं पाय पसरून बसले आहे. निघताना पुरोहित भट्टाचार्य म्हणाले, "तुमच्या थोरल्या जाऊबाई म्हणजे सेवेची मूर्ती." मी मान डोलावली. मूर्तीचा खांदा दुखत नाही. बडदीचा दुखायचा. पावसाळी हवेत तर इतका की वेणी घालायलासुद्धा हात वर जात नसे, मग मीच तिच्या पांढऱ्या केसांची गाठ मारून द्यायचे.

तिचं नाव नीहारकणा. गंगेकाठी काटोयाच्या या घरात ती थोरली सून, मी धाकटी. मी तिला बडदी म्हणायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा तिचं कपाळ मोकळं होऊन बरीच वर्षं झाली होती. माझे थोरले दीर टायफॉइडनं गेले, मूलबाळ नव्हतं. बिनकाठाचं पांढरं लुगडं, उकडा नव्हे, आतप तांदळाचा एक वेळचा भात, एकादशीला पाण्याचा थेंबही नाही. आणि कार्तिक लागला की माघ सरेपर्यंत, रोज सकाळी, सासऱ्यांचा मकरध्वज.

पारा, गंधक आणि सोनं वाळूच्या भट्टीत शिजवून कविराज, म्हणजे आमच्याकडचे वैद्य, तो करतात. विटेच्या रंगाचे चकचकीत खडे असतात. उतारवयात अंगात ऊब राहावी, धाप लागू नये, काठी टेकत का होईना पण माणूस चालतंफिरतं राहावं, म्हणून आमच्याकडे थंडीत म्हाताऱ्यांना देतात. अघोर कविराज नाडी बघायचे, जीभ बघायचे आणि पुड्या बांधून द्यायचे. तिथं त्यांचं काम संपलं. पुढचं सगळं घोटणाऱ्याच्या हातात. काळ्या दगडाच्या, होडीसारख्या लांबट खलात तो आधी कोरडा घोटायचा. खल उन्हाकडे तिरपा धरला तर एकही कण चमकता कामा नये. मग मधाचा थेंब टाकून पुन्हा घोटायचा. मग विड्याच्या पानाचा रस, आणि पुन्हा. कविराज म्हणायचे, "जितका घोटाल तितका लागू पडेल." हे ज्यानं पहिल्यांदा म्हटलं त्यानं स्वतः बत्ता हातात धरला नसावा.

आधी हे काम सासूबाई करायच्या. त्यांचा हात कापायला लागला तेव्हा त्यांनी खल बडदीच्या पुढ्यात सरकवला. घरात रिकामा हात तिचाच, असं सगळ्यांनी धरलेलं. मला पोरं होती, स्वयंपाक होता.

बडदी घड्याळ बघायची नाही. व्हरांड्यात खांबाला टेकून बसायची, उजव्या हातानं घोटायची आणि डाव्या हाताच्या पेरांवर नाम मोजायची. नाम पुरं झालं की औषध झालं. कधी घाई असली तर मी म्हणायचे, "बडदी, आज जरा आटप ना."

"काय आटपू? बाबांचं औषध की गोपाळठाकुरांचं नाव?"



वृंदावनाला जायचं दर वर्षी ठरायचं. आमच्या गल्लीतल्या बायका थंडीत निघायच्या, कारण उन्हाळ्यात तिकडं पाय भाजतात. आणि थंडीतच खल. "पुढच्या वर्षी," बडदी म्हणायची, आणि निघणाऱ्या बायकांच्या गाठोड्यात गोपाळासाठी यमुनेचं पाणी आणायला रिकामी बाटली द्यायची. फडताळात अशा भरून आलेल्या बाटल्यांची रांग लागली होती.

एक गोष्ट तिची पक्की होती. घोटून झाल्यावर बोटाला जे लागायचं ते ती चाटायची नाही, ताबडतोब धुवून टाकायची. विधवेनं उष्ण खाऊ नये. मासे नको, कांदा नको, मसुरीची डाळ नको. मग मकरध्वज तर उष्णाचा राजा. लग्नाआधी नवऱ्या मुलाला मावश्या चिडवत चिडवत चाटवतात तो. तो हिच्या जिभेला लागला असता तर हिला वाटलं असतं, आपण बाटलो.

आमचे हे दर वर्षी कुरकुरायचे. "पाऱ्याचं औषध आहे. बाबांच्या मूत्रपिंडांची तपासणी केल्याशिवाय देऊ नका." बाबा म्हणायचे, "आरोप सिद्ध कर." सासरे भवतारण सेनगुप्त, इथल्या कोर्टात मुख्तारी, म्हणजे वकिली, करायचे. काम सोडून जमाना झाला तरी उलटतपासणीची खोड गेली नव्हती. आंघोळीचं पाणी गरम आहे का असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "कशाच्या मानानं?" नव्वदी ओलांडली तरी दात सोडून सगळं शाबूत होतं. मकरध्वजानं की बडदीच्या धाकानं, देव जाणे. कविराज म्हणायचे मकरध्वजानं. हे म्हणायचे, तो घेतला नसता तर एव्हाना शंभरी गाठली असती.

आमच्याकडे टीव्ही आला त्या वर्षीची गोष्ट. मार्गशीर्षात बडदी देवघराच्या पायरीवर चक्कर येऊन बसली. पडली नाही, बसली, पण उठताना तिला भिंत धरावी लागली. मग वरचेवर तसं व्हायला लागलं. पाण्याची कळशी उचलली की धाप लागायची, ओठ निळसर दिसायचे. तरी पहाटे घाटावर जाऊन गार पाण्यात बुडी, आणि आल्यावर खल. अघोर कविराज बाबांना बघायला आले तेव्हा माझी नणंद चारुशीला माहेरपणाला आलेली होती. तिनंच बडदीचा हात धरून त्यांच्यापुढं केला.

कविराजांनी बराच वेळ डोळे मिटून नाडी धरली. मग थोरल्या सूनबाईला म्हणाले, "नाडी आहे कुठं? बडबौमा, उद्यापासून दोन मात्रा घोटायच्या. एक मुख्तारबाबूंची, एक तुमची."

बडदीनं पदर पुढं ओढला. "छी! या वयात माझं हसं करायचंय का, कविराजमशाय?"

"या वयातच तर देतात! तरुणपणी दिला असता तर हसं झालं असतं."

चारुशीला खो खो हसली. बडदी हसली नाही. "विधवेच्या पोटात मकरध्वज! वर गेल्यावर सासूबाई दारात उभं करणार नाहीत."

"आई काही बोलायची नाही, बौदी," चारुशीला वहिनीला म्हणाली. "जन्मभर तू काय काय खाल्लं नाहीस ते तिनं बघितलंय."

जाताना कविराज मला अंगणात हळूच म्हणाले, "छोटबौमा, ही अशीच एक वेळ खात, उपास काढत, पहाटे गंगेत बुडत राहिली तर हा हिवाळा निघणार नाही. कसंही करून अंगात काहीतरी घाला."

कसंही करून म्हणजे कसं? पायसात मिसळावं तर रंग दिसणार. मी हात जोडले, रुसून बघितलं. आमच्या ह्यांनी तर सांगितलं, मकरध्वज राहू दे, निदान दोन वेळा जेव. बडदीचं एकच, "माझं काय वाईट चाललंय?" असं म्हणताना तिचा बत्ता थांबायचा आणि ती हात बदलायची. डाव्या हातानं घोटताना अवघडलेल्या उजव्यावर नाम मोजता यायचं नाही, मग ओठातल्या ओठात अंदाजानं.

शेवटी चारुशीलेला युक्ती सुचली. "गोपाळाला नैवेद्य दाखवू. प्रसादाला नाही म्हणेल?"

"औषधाचा नैवेद्य, ठाकुरझी?" मी नणंदेला विचारलं.

"मग काय झालं? आपण जातीचे वैद्य. आपल्या घरचा गोपाळ आहे, त्याला सवय असेल."

मला हसू आलं, आणि त्या हसण्यात मी तिला अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी बडदी घाटावर गेली तेव्हा चारुशीलेनं कसंबसं घोटून चांदीच्या वाटीत चाटण काढलं, वर तुळशीचं पान ठेवलं, घंटा वाजवली. बडदी आली, ओल्या अंगानंच देवघरात शिरली.

"घे बौदी, प्रसाद."

बडदीनं हात पुढं केला. वाटीतला लाल रंग बघितला, वास घेतला. मग गोपाळाकडे बघितलं.

"हे त्याला दिलंस?"

"हो. म्हणजे आता तुला घ्यायला हरकत नाही."

"एवढ्याशा लेकराला? उपाशीपोटी?"

बडदीनं गोपाळाला उचलून मांडीवर घेतलं. रांगणारा, हातात लाडू धरलेला आमचा गोपाळ. थंडीचे दिवस म्हणून बडदीनंच विणलेला पिवळा स्वेटर त्याच्या अंगात. तिनं स्वेटरमधून हात घालून त्याच्या पोटाला लावला. "अंग तापलंय गं याचं!"

"बौदी, शेजारी समई जळतेय. पितळ तापणारच."

"पितळ म्हणालीस?"

मी चारुशीलेला चिमटा काढला. पण खरं सांगायचं तर माझंही काळीज चरकलं होतं. नैवेद्य दाखवला म्हणजे त्यानं घेतला, हे तर आम्ही रोजच मानतो. मग खीर घेतो आणि औषध घेत नाही असं कसं म्हणायचं? नव्वदीच्या म्हाताऱ्याला द्यायची मात्रा रांगत्या पोराला गेली होती.

मग जे सुरू झालं ते काय सांगावं. गोपाळाचा स्वेटर काढला, टोपी काढली. त्याला थंड पाण्यानं न्हाऊ घातलं, चंदनाची उटी लावली. शहाळं आणायला माणूस पिटाळला. खडीसाखरेचं पाणी, पुन्हा शहाळं. बाहेर पौषाचं धुकं, नदीपलीकडचा काठ दिसत नव्हता, आणि बडदी ताडाच्या पंख्यानं गोपाळाला वारा घालत बसली होती. अंगावरचं ओलं लुगडं अंगावरच वाळलं. लेकरू आजारी असताना आई जेवते का, म्हणून जेवली नाही. दुसरा दिवस नेमका एकादशीचा.

भट्टाचार्यांना बोलावलं. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "अहो माताजी, ज्यानं पूतनेचं विष पचवलं, त्याला कविराजाच्या पुडीनं काय होणार?"

"पूतना बाहेरची होती, भटजीमशाय. हे माझ्या घरातल्या खलातून गेलंय."

भट्टाचार्य दक्षिणा न घेता गेले. असं कधी होत नाही.

द्वादशीला गोपाळाचं अंग गार लागलं म्हणून बडदीनं त्याला पुन्हा स्वेटर घातला. आणि स्वतः जी आडवी झाली ती तापानं फणफणून. डॉक्टर आले, छातीत कफ भरलाय म्हणाले, सुई टोचून गेले. चारुशीला कोपऱ्यात बसून रडत होती. बडदीनं तिला जवळ बोलावून विचारलं, "त्यानं दूध घेतलं का?" गोपाळानं. आम्ही हो म्हटलं.

इकडे बाबांना सांगितलं होतं, बडबौमाला जराशी सर्दी झाली आहे. खल माझ्याकडे आला. पहिल्या सकाळी बाबांनी चाटण जिभेवर घोळवलं आणि म्हणाले, "छोटबौमा, नदी आटली वाटतं. वाळू लागतेय." दुसऱ्या सकाळी मी मनगट भरून येईपर्यंत घोटलं. आतून हाड दुखायला लागलं तेव्हा कळलं, बडदी रोज काय करते. बाबांनी चाटून वाटी खाली ठेवली. "पुरावा म्हणून कोर्टात चालेल. औषध म्हणून नाही. बडबौमा कुठं आहे?"

"सांगितलं ना बाबा, जराशी सर्दी."

"जराशी म्हणजे किती? डॉक्टर जराशा सर्दीला येतो? दोनदा येतो? आणि चारू दोन दिवस कांदे चिरतेय का, डोळे सुजलेत ते?"

मुख्तारापुढं माझं काय चालणार? सगळं सांगून टाकलं. कविराजांचं म्हणणं, नैवेद्य, शहाळं, सगळं. बाबा काठी घेऊन उठले. सासऱ्यानं थोरल्या सुनेच्या खोलीत पाऊल ठेवायचं नाही ही आमच्याकडची रीत, म्हणून मी उंबऱ्याबाहेर वेताचा मोढा टाकला. ते बसले. आत बडदीनं तापातसुद्धा पदर नाकापर्यंत ओढला. मी मध्ये, दाराच्या चौकटीला टेकून.

"बडबौमा, औषध का घेत नाहीस?"

"विधवेला चालत नाही, बाबा."

"कुठं लिहिलंय?"

"लिहिलेलं असतं तर तुम्ही पळवाट काढली असती."

बाबांना हसता हसता ठसका लागला. मी पाणी दिलं. "बरं. घरातला वडील म्हणून मी परवानगी दिली तर?"

बडदीनं नकारार्थी मान हलवली.

"गुरुदेवांकडून चिठ्ठी मागवली तर?"

पुन्हा तशीच मान हलली.

"म्हणजे अडचण नियमाची नाही. नियम तू पुढं केलायस. मागं काय आहे ते सांग."

घाटावरून होडीवाल्याची हाक आली. मग पदराआडून आवाज आला, इतका बारीक की मला पुढं वाकावं लागलं.

"बाबा, मी दमले आहे."

बाबांनी काठी मांडीवर आडवी ठेवली.

"तो घेतला की माणूस उठून बसतं म्हणतात. मला उठून बसायचं नाही. उठलं की खल."

मला वाटलं बाबा आता रागावतील, नाहीतर एखादा मुद्दा काढतील. ते काठीच्या मुठीकडे बघत बसले. "तुझी सासू गेली त्याच वर्षी मी सोडणार होतो," ते म्हणाले. "मला तो मध घशाखाली उतरत नाही. पण सकाळी तू नाम घेत बसलेली दिसायचीस. वाटायचं, पोरीला एवढाच एक आधार आहे, हा काढून घेतला तर करेल काय. म्हणून तोंड उघडत आलो."

बडदीनं पदर मागं सारला. सासऱ्यांसमोर तिचा उघडा चेहरा मी पहिल्यांदा बघितला. ताप होता, गाल आत गेले होते, आणि डोळे असे की मीच मागं सरकले.

"तुम्हाला नको होता?"

"नव्हता."

"एवढे हिवाळे?"

"तू कधी विचारलं नाहीस."

"मी विचारायचं? मुख्तार तुम्ही! गावाला विचारता, दूधवाल्याला विचारता, मांजरीला विचारता दूध कुठून प्यालीस. मला एकदा विचारायचं होतं, बौमा, तुझा हात दुखतो का!"

या घरात बाबांशी असं कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. चारुशीला दाराआड तोंडावर हात धरून उभी. बाबांनी मान खाली घातली.

"साक्षीदाराचं बरोबर आहे," ते म्हणाले. मग विचारलं, "दुखतो का?"

"दुखतो," बडदी म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून रडली. आवाज न करता, म्हाताऱ्या माणसासारखी.

त्या दिवशी खल माळ्यावर गेला. उरलेल्या पुड्या चारुशीलेनं स्वतःच्या पदराला बांधल्या. "आमच्याकडे एकजण आहेत, आरामखुर्चीतून उठतच नाहीत. बघते चाटवून." अघोर कविराज जरा दुखावले. म्हणाले, "आता थंडीत मुख्तारबाबूंचं काय ते तुम्ही बघा." आम्ही बाबांना दुहेरी रजई दिली.

मात्र बाबांनी बडदीला फुकट सोडलं नाही. "मकरध्वज नको हे तुझं मी मान्य केलं. आता माझं तू मान्य कर. दोन वेळा जेवायचं, ऊन पाण्यानं न्हायचं, एकादशीला फळं आणि दूध. याला तडजोड म्हणतात. कोर्टात रोज होते." बडदी म्हणाली, हा जुलूम आहे. बाबा म्हणाले, वरच्या कोर्टात जा. ताप उतरला होता पण भांडायची ताकद तिच्यात नव्हती. खरं तर आमच्यापैकी कुणातच नव्हती. घरात दोन म्हातारी माणसं, दोन पथ्यं, आणि मी एकटी चुलीपाशी.

सकाळी ती झोपायची. तिला झोपलेली बघायची आम्हाला सवय नव्हती, पोरं जाऊन जाऊन श्वास चालू आहे का बघायची. खांदा शेवटपर्यंत सुधारला नाही. पण माघात ती भिंत न धरता देवघरापर्यंत जायला लागली, आणि गोपाळाला उठवायचं काम तिनं माझ्याकडून परत घेतलं.

बाबा त्या चैत्रात गेले, झोपेत. त्याआधीचे ते दिवस असे जायचे. दुपारी ताट वाढलं की बाबा व्हरांड्यातून काठी आपटायचे. "बडबौमा जेवली का?" उत्तर येईपर्यंत स्वतःच्या भाताला हात लावायचे नाहीत. बडदीला भूक नसायची. जन्मभर पोटाला एकाच वेळच्या घासाची सवय. ती मला खुणावायची, सांग हो म्हणून. मी म्हणायचे, "मी का सांगू? तुझी तू सांग." मोठ्यांशी खोटं बोलणं तिच्या तोंडाला येत नसे. बाहेर काठी पुन्हा आपटायची, भात गार होत असायचा. मग ती पुटपुटत पाट ओढायची, चार घास कालवायची, आणि पहिला घास तोंडात असतानाच बाहेर ऐकू जाईल असं ओरडायची, "जेवतेय हो बाबा, जेवतेय! आता तुम्ही तरी जेवा!"